मुलगा-सून परदेशात, मूल भारतातून: नाशिकच्या श्रद्धाळू घरांसाठी आंतरदेशीय दत्तकाची वाट

नाशिकमध्ये मूलबाळाचा विषय निघाला की आधी देवस्थानांचे पत्ते मिळतात. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करून या, वणीला सप्तशृंगीची ओटी भरा, नाशिकरोडच्या बाळ येशूला नवस बोला. शरणपूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत विशेष प्रार्थना ठेवतात. यात वावगं काही नाही. पण मुलगा न्यू जर्सीत किंवा दुबईत असतो, सुनेच्या आयव्हीएफच्या फेऱ्या थांबलेल्या असतात, दोघांनी दत्तकाचं मनावर घेतलेलं असतं, आणि तेव्हा मात्र नेमकं काय करायचं हे सांगणारं कोणी भेटत नाही. मग कोणीतरी ओळखीची सिस्टर सुचवतं, कोणी ओळखीचा डॉक्टर, कोणी वकील. घोळ तिथून सुरू होतो.

हा लेख अशा घरांसाठी आहे. तिकडच्या जोडप्याने वाचावा आणि इथल्या आजी-आजोबांनीही वाचावा, कारण निम्मी धावपळ त्यांच्याच वाट्याला येते. माझं म्हणणं एकच आहे: निर्णय श्रद्धेने घ्या, पण क्रम कायद्याचाच पाळा. एखादा कागद राहिला तर तो नंतर मिळवता येतो. क्रम चुकला तर मूल इकडे आणि आईबाप तिकडे अशी वेळ येते.

आधी पासपोर्ट बघा, मग पोर्टल

मूल किती वर्षांचं हवं, मुलगा की मुलगी, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा की जोडपं कोणत्या देशात आणि कोणत्या दर्जाने राहतंय. भारतातून मूल द्यायचं काम केंद्र सरकारची ‘कारा’ ही संस्था बघते. पण त्या मुलाला आत घ्यायचं की नाही, हे समोरचा देश ठरवतो. दोन्हीकडून होकार लागतो.

सर्वांत मोठी अडचण अमेरिकेची. मुलांच्या आंतरदेशीय दत्तकासाठी १९९३ चा हेग करार आहे. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला आणि अमेरिकाही त्यात आहे. या करारानुसार मूल आणण्यासाठी अमेरिकेत जे अर्ज भरावे लागतात, म्हणजे आधी आय-८००ए आणि नंतर आय-८००, ते अमेरिकी नागरिकालाच भरता येतात. पती-पत्नींपैकी एक नागरिक असला तरी चालतं. पण दोघेही नोकरीच्या एच-१बी व्हिसावर किंवा कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डावर असतील तर हा रस्ता बंद आहे. ग्रीन कार्डधारकाला दत्तक मुलासाठी अर्ज करता येतो, पण मूल दोन वर्षं त्याच्या कायदेशीर ताब्यात आणि सोबत राहिलेलं असावं लागतं. मुलाला तिकडे नेता येत नसताना ही दोन वर्षं काढायची कुठे? म्हणजे एकाने नोकरी सोडून भारतात येऊन राहायचं. त्यापेक्षा नागरिकत्व मिळेपर्यंत थांबणं किंवा काही वर्षांसाठी सरळ भारतात परतून इथले रहिवासी म्हणून मूल घेणं, हेच दोन पर्याय व्यवहार्य वाटतात. हे कटू आहे, पण नोंदणी करून वर्ष-दोन वर्षं वाट पाहिल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

ब्रिटनमध्ये आधी तिथल्या नोंदणीकृत दत्तक संस्थेकडून मूल्यमापन होतं आणि मग सरकारचं पात्रता प्रमाणपत्र मिळतं. आखाताची गोष्ट वेगळी. अमिराती, सौदी, कुवेत, ओमान, कतार हे देश हेग करारात नाहीत. तिथल्या भारतीय नागरिकांचा मार्ग तिथल्या भारतीय दूतावासामार्फत जातो, आणि दत्तक मुलाला कौटुंबिक व्हिसा मिळेल का हे त्या देशाच्या कार्यालयातून आधीच लेखी विचारून घ्यावं. तोंडी ‘हो जाएगा’वर विसंबू नये.

यातच आणखी एक फट आहे. नाशिकमध्ये राहून मूल दत्तक घेतलं आणि वर्षभरात कंपनीने परदेशी पाठवलं, असं आयटीतल्या घरांत होऊ शकतं. दत्तकानंतरची पहिली दोन वर्षं देखरेखीची असतात. त्या काळात मुलासह देश सोडायचा असेल तर कारा आणि संबंधित दूतावासाला आधी कळवावं लागतं.

धर्म आडवा येतो का?

नाही. तरी हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती आणि मुस्लिम घरातून येतोच, आणि त्याला कारण आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि ज्यू यांच्यासाठी कित्येक वर्षं १८९० चा पालकत्वाचा कायदा एवढाच आधार होता. त्यात तुम्ही मुलाचे पालक होता, आईबाप होत नाही. मूल सज्ञान झालं की नातं कागदावर संपतं. आमच्या आधीच्या पिढीत असं वाढवलेल्यांना नंतर वारसाहक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

बाल न्याय कायद्याने हे बदललं. २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर परदेशात राहणाऱ्या इच्छुकांबद्दल ‘धर्म कोणताही असो’ अशी शब्दयोजनाच आहे. मुस्लिम घरांत दत्तक मान्य नाही, फक्त सांभाळ मान्य आहे, असं मानणारे अनेक आहेत. कायदा त्यांच्यावर सक्ती करत नाही, पर्याय ठेवतो. तो घ्यायचा का, हे त्या घराने आपल्या विवेकाने ठरवावं.

नात्यातलं मूल घ्यायचं असेल तर

‘दिराला तिसरं होणार आहे, तेच घेऊ.’ आपल्याकडे हे बोलणं इतक्या सहज होतं की त्याला कायदा लागतो हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक म्हणजे मुलाचे काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी, किंवा दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलत-मावस भावंडाचं मूल यात बसत नाही. नातं बसत असेल तर जन्मदात्यांची लेखी संमती लागते, मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही लागते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष कुटुंबाचा अहवाल करतो, आणि मूल नाशिक जिल्ह्यात राहत असेल तर आदेश नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांचा लागतो. त्यावर काराचं ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय मूल देशाबाहेर नेता येत नाही.

इथे अमेरिकेतल्या कुटुंबांनी दोनदा थांबून विचार करावा. जन्मदाते दोघेही हयात असतील तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत, हे अमेरिकेला दाखवावं लागतं. ‘त्यांना दोन आहेत, आम्हाला एकही नाही’ एवढं कारण पुरत नाही. मुलाचा आय-८०० अर्जही सोळावं वर्ष पूर्ण होण्याआधी जायला हवा.

आणि सर्वांत घातक घाई म्हणजे दुय्यम निबंधकाकडे जाऊन दत्तकपत्र नोंदवून टाकणं. हिंदू कायद्याखाली ते वैध असू शकतं, होमहवन करून घरात पेढेही वाटले जातात. पण अमेरिकेच्या नियमात आय-८०० ला तात्पुरती मंजुरी मिळण्याआधी दत्तक पूर्ण झालेलं चालत नाही. आधी दत्तकपत्र आणि मग व्हिसा असा उलटा क्रम लावला की वर सांगितलेल्या दोन वर्षांच्या अटीत अडकलात. हिंदू कायद्याने झालेल्या दत्तकातलं मूल परदेशी न्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचं ना-हरकत अशी वेगळी सोय आहे. पण ती भारताच्या बाजूची झाली, व्हिसा देणाऱ्या देशाला ती बांधील नाही.

पात्रता

जोडप्याच्या स्थिर वैवाहिक जीवनाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. दोघांच्या वयाची बेरीज बघतात: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी कमाल ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११०. एकट्या व्यक्तीसाठी याच टप्प्यांना ४०, ४५, ५० आणि ५५. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर असावं लागतं. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. घरात आधीच दोन मुलं असतील तर विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशीच मुलं मिळतात. वयाच्या या बेरजा नात्यातल्या दत्तकाला लागू नाहीत.

नोंदणी कुठून, आणि होम स्टडी

परदेशातलं जोडपं स्वतः पोर्टलवर नोंदणी करत नाही. राहत्या देशातली, काराने मान्यता दिलेली दत्तक संस्था आधी होम स्टडी, म्हणजे घराची आणि जोडप्याची पाहणी-चौकशी, करते आणि कागदपत्रं भारताच्या ‘केअरिंग्ज’ या दत्तकाच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवते. अशी संस्था नसेल तर तिथलं सरकारी मध्यवर्ती खातं किंवा भारतीय दूतावास. मान्यताप्राप्त संस्थांची यादी काराच्या संकेतस्थळावर असते. ‘आम्ही भारतातून मूल आणून देतो’ म्हणणारी प्रत्येक संस्था त्या यादीत नसते.

आई-वडिलांचा कॉलेजरोडचा पत्ता टाकून इथले रहिवासी म्हणून नोंदणी करायची युक्ती कोणी सांगितली तर तिथेच हात जोडा. गृहभेटीला सामाजिक कार्यकर्ती येईल तेव्हा घरात दोन ज्येष्ठ नागरिक आणि भिंतीवर मुलाच्या लग्नाचा फोटो एवढंच सापडेल.

होम स्टडीत पगार, घर आणि आरोग्य हे तपासलं जातंच, पण खरी चौकशी स्वभावाची असते. श्रद्धाळू जोडप्यांना एक सवय असते: प्रत्येक प्रश्नाला ‘प्रभूची इच्छा’ किंवा ‘माउली बघून घेईल’ असं उत्तर द्यायचं. चार प्रश्नांनंतर समोरची बाई वहीत काय लिहीत असेल याची कल्पना करा. मूल न होण्याचं दुःख कसं पचवलं, भांडण झालं की कोण आधी बोलतं, मूल मोठं होऊन तुमची श्रद्धा नाकारू लागलं तर काय कराल, याची माणसासारखी उत्तरं हवी असतात. शेवटचा प्रश्न तर विचारलाच जाईल असं धरून चाला आणि त्यावर नवरा-बायकोने आधी एकमेकांशी बोलून घ्या.

शिफारसपत्रं लागतात. त्यातलं एक पाळकांचं, फादरांचं किंवा मठातल्या गुरुजींचं द्यायची पद्धत आहे आणि ते चांगलंही. पण ही पत्रं बहुधा अशी असतात: ‘सदर कुटुंब धार्मिक, सुसंस्कृत व सेवाभावी असून त्यांना मूल देण्यात यावे.’ याला शून्य किंमत. त्याऐवजी असं लिहून मागा: ‘मी या दोघांना बारा वर्षं ओळखतो. रविवारच्या शाळेत ती सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवते. एक मुलगा सतत मारामारी करायचा. तिने त्याला वर्गाबाहेर काढलं नाही, शेजारी बसवून वह्या वाटायचं काम दिलं. नवऱ्याने स्वतःच्या आजारी वडिलांना दोन वर्षं अंघोळ घातली आहे.’ पत्र लिहिणाऱ्याला हे तपशील आठवत नसतील तर तो माणूस पत्र द्यायला चुकीचा आहे, मग तो बिशप का असेना.

नाशिकच्या आजी-आजोबांच्या वाट्याचं काम

कागद इथून जातात: जन्मदाखले, विवाहाचा दाखला, क्वचित पोलिसांचं प्रमाणपत्र. परदेशात वापरायच्या सरकारी कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय करारानुसारचा शिक्का, लागतो. भारत त्या करारात २००५ पासून आहे. आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. तिकडून इथे येणाऱ्या कागदांनाही तिथलं अपोस्टिल किंवा दूतावासाचं साक्षांकन असावं लागतं.

खरी डोकेदुखी नावांची. आपल्या पद्धतीने नाव, मधलं नाव, आडनाव. सुनेच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, विवाहाच्या दाखल्यावर नवऱ्याचं, पासपोर्टवर माहेरचंच आडनाव, आणि अमेरिकेतल्या लायसन्सवर मधलं नाव गायब. त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात नाशिकचं रोमन स्पेलिंग एका कागदावर एच घालून आणि दुसऱ्यावर एचशिवाय. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, पण परदेशी अधिकाऱ्याला ही दोन गावं वाटू शकतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक कोरा कागद घ्या, डावीकडे प्रत्येक दाखल्याचं नाव आणि उजवीकडे त्यावर जसं छापलंय तसं अक्षरन् अक्षर नाव उतरवा. फरक दिसतील तिथे आधी दुरुस्ती करता येते का ते बघा. होत नसेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

ख्रिस्ती घरांसाठी जादा सूचना: चर्चच्या नोंदवहीतला लग्नाचा उतारा आणि सरकारी नोंदीतला विवाहाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या लग्नांत बऱ्याचदा पहिलाच घरात असतो. दोन्ही मिळवा.

थांबण्याचा काळ आणि ‘देवाने पाठवलेलं’ बाळ

निरोगी, दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर काही वर्षं थांबायची तयारी ठेवा. अनिवासी भारतीय नागरिकांना प्राधान्याच्या बाबतीत देशातल्या भारतीयांच्या बरोबरीचं मानतात. म्हणजे रांग तीच आणि ती लांब आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा, ओसीआय कार्डधारकांसह (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड), क्रम त्यानंतर येतो. मूल कायदेशीररीत्या दत्तकासाठी मोकळं झाल्यावर ६० दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय घर मिळालं नाही, तरच ते पुढे जातं. परदेशी नागरिकांपैकी भारतीय मुळाच्या लोकांना अग्रक्रम आहे. मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या आणि विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी वाट लवकर मोकळी होते. माझं स्पष्ट मत: हा पर्याय पुण्यकर्म म्हणून निवडू नका. तुमच्या शहरात थेरपिस्ट आहे का, विमा काय देतो आणि रोजचे दोन तास कोण देणार, हे कागदावर मांडून मगच निवडा.

याच काळात फोन येतो. कोणीतरी ‘अडलेली’ मुलगी आहे, अमुक दवाखान्यात बाळंत होणार आहे, बाळ थेट तुमच्या नावावर लावून देऊ. वर्षानुवर्षं प्रार्थना केलेल्या बाईला तो फोन म्हणजे उत्तरच वाटतं. तो सापळा आहे. प्रक्रिया डावलून मूल देणं-घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पैसे दिले-घेतले तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. खोट्या जन्मदाखल्यावर मूल परदेशी न्यायचा प्रयत्न तर दुहेरी संकट. बाईची अडचण खरी असेल तर तिला बालकल्याण समितीकडे न्या किंवा मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकावर फोन करा. मूल समर्पित केल्यावर, म्हणजे कायद्याने समितीच्या हवाली केल्यावर, फेरविचारासाठी आईला ६० दिवस मिळतात. ते तिचे हक्काचे दिवस आहेत, आपल्या उतावीळपणाने ते हिरावून घ्यायचे नाहीत.

देणगीबद्दलही लिहायला हवं. घारपुरे घाटावरच्या आधाराश्रमासारख्या जुन्या संस्थांना वाढदिवसाला जेवण द्यायची नाशिककरांची रीत आहे. एरवी ती चांगलीच. पण तुम्ही दत्तकाच्या प्रक्रियेत असाल तर कोणत्याही दत्तक संस्थेला रोख, धान्य, पंखा, काहीही देऊ नका. इच्छुक पालकांकडून देणगी घ्यायला संस्थांना मनाई आहे. परदेशातल्या पालकांसाठी ठरलेलं शुल्क ५,००० अमेरिकी डॉलर आहे आणि त्याची पावती मिळते. तिकडच्या संस्थेची फी वेगळी. त्याखेरीज कोणी ‘फाइल पुढे सरकवायचे’ मागत असेल तर ती फाइल तुमची नाहीच असं समजा.

९६ तास

एक दिवस पोर्टलवर मूल दिसतं: फोटो, बालअभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल. ते राखून ठेवायला ९६ तास आणि अहवालांवर सह्या करून स्वीकारायला ३० दिवस असतात. मूल नाशिकचंच असेल असं नाही. ओडिशातलं असेल, लातूरचंही असेल. दत्तकाचा आदेशही मूल ज्या संस्थेत आहे तिच्या जिल्ह्यात होतो.

फोटोवर भाळू नका असं सांगण्यात अर्थ नाही, भाळणारच. पण त्या चार दिवसांत वैद्यकीय अहवाल एका बालरोगतज्ज्ञाला दाखवायचाच, आणि तो डॉक्टर आधीच ठरवून ठेवायचा. जन्मवजन, डोक्याचा घेर आणि त्याची महिन्यागणिक वाढ, ऐकू येण्याची तपासणी, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही. एचआयव्हीबाबत एक गोष्ट माहीत असू द्या: अठरा महिन्यांच्या आतल्या बाळाची साधी अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्या अँटिबॉडी आईच्याही असू शकतात, म्हणून थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. नाशिक, नंदुरबार, पालघर या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तेव्हा इकडच्या मुलाची ती चाचणी झाली आहे का हे विचारा. नकार द्यायला नाही, औषधोपचार पहिल्या दिवसापासून नीट व्हावेत म्हणून.

नाही म्हणावं लागलं तर ते पाप नाही. आपल्याला न झेपणारं मूल भावनेच्या भरात आणून वर्षाने परत करणं, त्याच्यासाठी कितीतरी वाईट.

आदेश, पासपोर्ट, व्हिसा

स्वीकारानंतर समोरच्या देशाची संमती येते. हेग कराराच्या कलम ५ आणि १७ नुसार दोन्ही देशांनी ‘पुढे जा’ म्हटल्यावर कारा ना-हरकत देतं. मग दत्तक संस्था जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. पूर्वी हे काम न्यायालयाचं होतं, २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. आदेश अर्जानंतर दोन महिन्यांत व्हावा असा नियम आहे. आदेशाविरुद्ध अपील विभागीय आयुक्तांकडे होतं.

आदेशानंतर हेग कराराच्या कलम २३ चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचं), मुलाचा नव्या पालकांच्या नावाचा जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. अमेरिकेचे दत्तक व्हिसा दिल्लीच्या दूतावासातून मिळतात, मुंबईच्या वकिलातीतून नाही. तिकिटं काढताना हे लक्षात ठेवा. दत्तक भारतातच पूर्ण झालेलं असेल तर आयएच-३ व्हिसावर अमेरिकेत पाऊल ठेवताच, अमेरिकी नागरिक आईबापांबरोबर राहायला गेलेलं अठरा वर्षांखालचं मूल तिथलं नागरिक होतं.

बारसं, बाप्तिस्मा, नाव

आदेश हातात येईपर्यंत कोणताही धार्मिक विधी करू नका. ना-हरकत मिळाल्यावर मूल काही दिवस सोबत राहायला मिळू शकतं, पण तेव्हा ते कायद्याने तुमचं झालेलं नसतं. आजीला घाई असते, पाळकांच्या सोयीचा रविवार असतो, परतीचं विमान असतं. तरी नाही. मुलाचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकायचा नाही. अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मना आहे. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढा मजकूर पुरे.

मूल चार-पाच वर्षांचं असेल तर त्याला नाव आहे, कदाचित देवही आहे. संस्थेत रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणणारं मूल ख्रिस्ती घरात आलं, किंवा प्रभूची प्रार्थना पाठ असलेलं मूल वारकरी घरात, तर पहिल्या महिन्यात ते पुसायला जाऊ नका. ते म्हणू द्या. त्याच्यासाठी तो धर्म नंतर, आधी रोजची झोपायची वेळ आहे.

नावाबद्दल मी अधिक हट्टी आहे, आणि त्याला आमच्या वस्तीचा इतिहास कारण आहे. १९व्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपुरात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली. त्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेला संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवाबरोबर लंडनपर्यंत गेला. जगाला त्याचं हे मिळालेलं नाव ठाऊक आहे. त्याच्या आईने त्याला काय हाक मारली होती, ते विचारायला आता कोणी उरलं नाही. नवं नाव जोडा, पण जुनं काढून टाकू नका.

घरी गेल्यावर

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिकडच्या संस्थेचा पाठपुरावा अहवाल पोर्टलवर जातो. हे अहवाल टाळणाऱ्या घरांमुळे पुढच्या घरांची वाट अवघड होते. मोठं मूल मराठी बोलणाऱ्या संस्थेतून आलं असेल तर तिकडच्या घरात निदान वर्षभर मराठी चालू द्या. वीस मुलांबरोबर झोपायची सवय असलेल्याला स्वतंत्र खोली म्हणजे शिक्षा वाटू शकते. गादी तुमच्या खोलीत टाका. जेवणात वरण-भात सगळ्यात आधी कामी येतो, खेळणी बरीच नंतर.

कायद्याने दत्तक मुलाला आदेशाच्या तारखेपासून पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात. तरी ख्रिस्ती आणि मुस्लिम घरांनी मृत्युपत्र करून ठेवावं. वारसाहक्काचे वैयक्तिक कायदे वेगळे आहेत, आणि आज ज्या काकांनी विमानतळावर हार घातला त्यांची मुलं उद्या सातबाऱ्यावरून काय बोलतील ते सांगता येत नाही.

आणि मूळ शोधण्याचा हक्क. अठरा पूर्ण झाल्यावर मूल स्वतः काराकडे आपल्या मुळाविषयी विचारणा करू शकतं, त्याआधी तुमच्यासोबत. मंडळीत दत्तकाचा विषय निघाला की मोशेचं उदाहरण हटकून येतं: फारोच्या मुलीने नदीतून काढलं, वाढवलं. त्याच गोष्टीत दूर उभी राहून पाहणारी बहीण आहे आणि दूध पाजायला परत आलेली जन्मदातीही आहे. तेव्हा बालअभ्यास अहवाल, समर्पण किंवा सापडल्याची नोंद, संस्थेचे फोटो, पहिल्या दिवशी अंगावर असलेला फ्रॉक, सगळं एका फाइलीत ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे मुलाला लहानपणापासून माहीत असू द्या. एक प्रत नाशिकला आजीच्या कपाटातही असावी, परदेशातली घरं फार वेळा बदलतात.